डिप्रेशन म्हणणारे सगळेच, सांगणारे किती?

इंटर्नल्सचे मार्क लागले त्या संध्याकाळी आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'डिप्रेशन' हा शब्द तासाभरात अकरा वेळा आला. 'भावा, फुल डिप्रेशन.' 'डिप्रेस्ड आहे यार, कटिंग पाज.' 'मेसला परत दुधी, डिप्रेशन!' मी मोजले, कारण मला दुसरं काही करायचं नव्हतं. तीन आठवडे मी कॉलेजला गेले नव्हते. कॉट बेसिसवर घेतलेल्या त्या रूममध्ये पडून फोन वर-खाली करणं एवढंच तेव्हा मला जमत होतं. ग्रुपवर मी मात्र काहीच लिहिलं नाही. मी एसवायला होते तेव्हाची ही गोष्ट.

आता या पुरवणीत इंटर्नशिप करताना डेस्कवरून विषय आला, 'तरुणांमध्ये डिप्रेशन किती कॉमन आहे, बघ जरा'. मला वाटलं, सोपं आहे. एक आकडा शोधायचा, वर दोन ओळी, खाली हेल्पलाइन, काम झालं. पण तुम्ही कधी हा आकडा शोधलाय का? शोधून बघा. एका ठिकाणी वीसात एक सापडतो, दुसरीकडे सातात एक, तिसरीकडे कुठल्याशा कॉलेजातल्या पाहणीत थेट तीनात एक. तीन दिवस मी या आकड्यांच्या मागे होते. त्यातून जे हाती लागलं ते असं.

एसटीत बसलेले दोघं

जगापासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साठी काढलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे २८ कोटी लोकांना नैराश्याचा आजार होता. म्हणजे दर शंभर प्रौढांमागे साधारण पाच. त्यानंतर कोविड आला. साथीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्य या दोन्हींचं जगभरातलं प्रमाण सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढलं, असं याच संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं, आणि त्याचा फटका तरुणांना आणि बायकांना जास्त बसला. माझी बारावी २०२१ ची. परीक्षाच न झालेली आमची बॅच. त्यामुळे हे वाक्य वाचताना मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

आता भारत. आपल्याकडचा सगळ्यात मोठा अभ्यास म्हणजे बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण. बारा राज्यांत घरोघर जाऊन जवळपास चाळीस हजार माणसांशी बोलून ते केलं गेलं. प्रौढांपैकी २.७ टक्के लोक त्या वेळी नैराश्याने आजारी होते. आयुष्यात कधी ना कधी ज्यांना हा आजार झाला होता, असे ५.२ टक्के. वीसात एक म्हणतात तो आकडा इथून आलाय. आणि एक गंमत, म्हणजे खरं तर गंमत नाहीच, त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं, छत्तीसगड होतं. आपण नव्हतो. म्हणजे महाराष्ट्राबद्दल जेव्हा कोणी छातीठोकपणे हा आकडा सांगतं, तेव्हा ते शेजाऱ्यांचा आकडा आपल्याला लावत असतं.

दुसरा अंदाज 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात आला होता. २०१७ मध्ये भारतात नैराश्याचे सुमारे ४ कोटी ५७ लाख रुग्ण होते, असं त्यात म्हटलंय. केरळची लोकसंख्या यापेक्षा कमी आहे. सगळे मानसिक आजार धरले तर दर सात भारतीयांमागे एक. सातात एक हा आकडा नैराश्याचा म्हणून फिरतो तो चुकीचा आहे. तो सगळ्या मानसिक आजारांचा मिळून आहे. पुढच्या वेळी कोणी रील टाकली तर कमेंटमध्ये सांगा.

कोटी, टक्के वाचून काही होत नाही, मलाही होत नाही. म्हणून मी स्वारगेटहून कऱ्हाडला जाताना हिशेब केला. आमच्या लाल गाडीत चव्वेचाळीस सीट होत्या. वीसात एक धरलं तर या गाडीतल्या दोघांना आयुष्यात कधी तरी नैराश्याने गाठलेलं असणार. खिडकीला डोकं टेकून झोपलेले काका? मांडीवर डबा घेऊन बसलेली नर्सिंगची मुलगी? चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. आणि दोघांपैकी एक तर मीच होते, हे माझ्या हिशेबात जरा उशिराच आलं.

मग कॉलेजात तीनात एक कसे?

हा माझ्या डोक्यातला सगळ्यात मोठा गोंधळ होता. देशाच्या सर्वेक्षणात दोन-तीन टक्के आणि कॉलेजांमधल्या छोट्या पाहण्यांत तीस टक्के, चाळीस टक्के. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. प्रश्न विचारायची पद्धत वेगळी आहे. कॉलेजात बहुतेक वेळा एक प्रश्नावली भरून घेतात. त्यातली एक जगभर वापरली जाणारी म्हणजे पीएचक्यू-नाईन. नऊच प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, उदास वाटलं, झोप लागली नाही किंवा फार लागली, थकवा आला, भूक गेली किंवा खा-खा झाली, आपण अपयशी आहोत असं वाटलं, लक्ष लागलं नाही, हालचाली मंदावल्या किंवा उलट अस्वस्थपणा आला, मरून जावं असं मनात आलं, असं किती दिवस झालं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहाच्या वर गेलात तर डॉक्टरांना भेटावं असं मानतात.

आता ही प्रश्नावली सेमिस्टरच्या आदल्या आठवड्यात वाटली तर काय होईल? झोप नाही, भूक नाही, लक्ष नाही, 'आपलं काही खरं नाही' तर रोजचंच. अर्धा वर्ग दहाच्या वर जाईल. प्रश्नावली चाळणीसारखी असते. ती कोणाकडे नीट बघायला हवं एवढं सांगते; आजार आहे की नाही हे ठरवत नाही. निम्हान्सच्या सर्वेक्षणात मात्र प्रशिक्षित माणसं समोर बसून ठरलेल्या निकषांवर मुलाखत घेत होती, त्यामुळे आकडा खाली आला. पण त्यातही एक मेख आहे. घरात सासू, नवरा, शेजारीण असताना, अनोळखी माणसाला कोण सांगणार की मला जगण्यात रस वाटत नाही? म्हणजे एक आकडा फुगलेला असू शकतो आणि दुसरा आकसलेला. खरं कुठे तरी मध्ये आहे.

मला विचाराल तर हा वाद अभ्यासकांनी घालावा. आपल्याला त्यातला एकच मुद्दा उपयोगाचा आहे. निकालाचं वाईट वाटणं, ब्रेकअपनंतर आठवडाभर डोळे सुजणं, प्लेसमेंट हुकल्यावर जेवण न जाणं, हे सगळं दुःख आहे आणि ते खरं आहे, पण तो आजार असेलच असं नाही. आजार म्हणायला दोन गोष्टी बघतात. बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ, किमान दोन आठवडे हे चाललंय का? आणि रोजचं जगणं त्याने अडलंय का?

माझं अडलं होतं

मी रडत नव्हते. हे आधी सांगते, कारण सिनेमात डिप्रेशन म्हणजे पाऊस, खिडकी आणि रडणं. मला रडूच येत नव्हतं. सकाळी उठून ब्रश करायचा तर ते काम एवढं मोठं वाटायचं, जणू कोणी सिंहगड चढायला सांगितलाय. ब्रश बेसिनवर, मी कॉटवर, आणि मध्ये सात पावलं. डबा यायचा, तसाच परत जायचा. आईचा फोन आला की मी दोन मिनिटांसाठी उठून बसायचे, आवाज नीट काढायचे, 'हो जेवले, हो लेक्चर होतं' म्हणायचे, आणि पुन्हा आडवी. त्या दोन मिनिटांनंतर तासभर दमलेली असायचे.

रूममेटला वाटलं मी आळशी झालेय. मलाही तेच वाटत होतं. हे या आजाराचं सगळ्यात बेरकी काम आहे. तो तुम्हाला आजार आहे असं वाटूच देत नाही, तुम्हीच वाईट आहात असं वाटायला लावतो.

एक दिवस मी धीर करून कॉलेजातल्या समुपदेशन कक्षात गेले. दारावर पाटी होती, दाराला कुलूप. शिपाईकाकांनी उघडून दिलं तर आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. 'मॅडम गुरुवारी यायच्या, आता येत नाहीत,' ते म्हणाले. मी परत आले आणि पुढचे आठ दिवस पुन्हा कुठे गेले नाही. आज याचा राग येतो, तेव्हा राग यायचीही ताकद नव्हती. तुमच्या कॉलेजात काय परिस्थिती आहे, बघितलंय कधी? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायलाच हवा, असं त्यात आहे. विद्यार्थी प्रतिनिधींना विचारा, आपल्याकडचा कोण? नाव आणि वार, दोन्ही विचारा.

शेवटी मला डॉक्टरांकडे नेलं ते रूममेटनेच. तिच्या चुलत बहिणीला असंच झालं होतं. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं, कारण त्यांच्या गडबडीनेही असाच थकवा, असंच मन खाली जाणं होतं. रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा मला, खोटं नाही सांगत, वाईट वाटलं. थायरॉइड असतं तर घरी सांगायला सोपं होतं.

चौदाव्या वर्षीच सुरू

एका गोष्टीने मला हादरवलं. मोठेपणी ज्यांना मानसिक आजार असतात, त्यांच्यातल्या निम्म्यांना तो वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच सुरू झालेला असतो, आणि पाऊणभर लोकांना चोविशीपर्यंत. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून २००५ मध्ये हे पुढे आलं आणि तेव्हापासून सगळीकडे सांगितलं जातं. म्हणजे आठवी-नववी ते पदवी, हाच तो काळ. निम्हान्सच्या सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलामुलींना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला, आणि महानगरांमध्ये तर १३.५ टक्के. खेड्यात ६.९.

पण या वयातलं नैराश्य ओळखायचं कसं? मोठी माणसं उदास दिसतात, पोरं चिडकी दिसतात. हे निकषांमध्येही मान्य केलेलं आहे. किशोरवयात उदासपणाऐवजी सततची चिडचिड हेही लक्षण धरतात. दार आपटणं, उलट बोलणं, मार्क घसरणं, पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवणं. आणि घरी यावर ठरलेलं वाक्य असतं, 'वयच तसं आहे.' तुमचा धाकटा भाऊ दहावीत असेल आणि महिनाभर क्रिकेटलाही खाली उतरला नसेल, तर एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा. लेक्चर नको. नुसतं बसा.

मुलींमध्ये वयात आल्यानंतर नैराश्याचं प्रमाण मुलांपेक्षा स्पष्ट वाढतं. त्याआधी दोघांत फारसा फरक नसतो. मोठ्यांमध्येही बायकांत ते पुरुषांपेक्षा साधारण दीडपट असल्याचं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण माझ्या वर्गातल्या मुलांकडे बघून मला त्यातही शंका येते. मुलं 'डिप्रेशन' फक्त मीममध्ये बोलतात. आत काय चाललंय ते बाईकच्या स्पीडमधून, नाही तर टपरीवरच्या वाढलेल्या सिगारेटमधून बाहेर येतं, आणि त्याची नोंद कुठल्या प्रश्नावलीत होत नाही.

आत्महत्येचा विषय टाळून हा लेख पूर्ण होणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यच असतं असं नाही. कर्ज, छळ, अपयश, घरातली भांडणं अशी कितीतरी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. आणि नैराश्य असलेले बहुतेक लोक त्या टोकाला जातही नाहीत. पण असा विचार मनात यायला लागला असेल, तर तो एकट्याने सांभाळायचा विचार नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर. दिवसरात्र चालू, मोफत, मराठीत बोलता येतं. मित्राने असं काही बोलून दाखवलं तर 'असं काय बोलतोस वेड्यासारखं' म्हणू नका. 'खरंच असं वाटतंय का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला त्या रात्री एकटं सोडू नका आणि घरातल्या कोणाला तरी कळवा, त्याने 'कोणाला सांगू नको' म्हटलं तरी.

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी

या चार गावांत राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि चारही गावांची नावं आपण विनोदासाठी वापरतो. पुण्यात 'याला येरवड्याला पाठवा', मुंबईत 'ठाण्याला अॅडमिट कर'. मीसुद्धा म्हणायचे. स्वतःवर वेळ आली तेव्हा तोच विनोद घशात अडकला.

निम्हान्सच्या सर्वेक्षणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा किती जण आजारी हा नाही. आजारी असून उपचार न मिळालेले किती, हा आहे. नैराश्यात ते प्रमाण सुमारे ८५ टक्के होतं. तुमचं कॉलेज तीन हजारांचं असेल तर देशाची सरासरी लावून आज साधारण ऐंशी जण आजारी असतील, आणि त्यातले अडुसष्ट कुठेच दाखवत नसतील. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पूर्ण येत नाही, हे एक कारण. पण डॉक्टर शेजारच्या गल्लीत असूनही न जाणारे आपण, हे दुसरं.

मला गोळ्यांची भीती वाटत होती. सवय लागेल, दिवसभर झोप येईल, आपण आपण राहणार नाही. डॉक्टरांनी समजावलं ते असं. या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. त्यांची नशा होत नाही, पण बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांनी, डॉक्टरांच्या संपर्कात राहायचं, कारण कोणाकोणाला त्या काळात अस्वस्थपणा वाढतो. आणि सगळ्यांना गोळ्या लागतातच असं नाही. सौम्य आजारात बोलण्याच्या उपचारांनी भागू शकतं. मला दोन्ही लागलं. आठ महिने गोळ्या, बारा सेशन.

हे परवडत नाही, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. खासगी सेशनचे पैसे मी मेसचे म्हणून घरून मागवले, हे आज पहिल्यांदा छापून येतंय. मला तेव्हा माहीत नव्हतं की जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, मानसोपचाराची ओपीडी असते आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजांमध्येही हा विभाग असतो. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, बाकी तापाच्या पेशंटसारखंच.

जाता जाता, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' बघितला नसेल तर बघा. २०१७ मध्ये जाहीर झालेलं सुवर्णकमळ या सिनेमाला मिळालं. त्यात डॉ. मोहन आगाशे आहेत, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. खिडकी आणि पाऊस नाही त्यात. समुद्र आहे, आणि गप्प बसलेल्या माणसाशेजारी घाई न करता बसून राहणारी माणसं आहेत.

आणि पप्पा

हा लेख इथेच संपणार होता. विषय 'तरुणांमधलं डिप्रेशन' होता. पण वाचता वाचता एक ओळ सापडली. निम्हान्सच्या त्या सर्वेक्षणात मानसिक आजारांचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठल्या वयोगटात होतं, माहितीये? ४० ते ४९. आपल्या वयात नाही, आपल्या आईवडिलांच्या वयात. आपण 'आमची जनरेशन, आमचं प्रेशर' करत असतो आणि आपल्या फिया भरणारी माणसं त्याच आजाराने कदाचित आपल्यापेक्षा जास्त त्रासलेली असतात. ती हा शब्द वापरत नाहीत एवढंच. ती म्हणतात, अंग मोडून येतंय. डोकं जड झालंय. अॅसिडिटी. टेन्शन.

दिवाळीला घरी गेले तेव्हा ते नऊ प्रश्न मी मराठीत लिहून नेले होते, लेखासाठी. कागद टीव्हीजवळ पडला होता. पप्पांनी उचलला, चष्मा लावला, वाचला. मग म्हणाले, 'हे कुणाबद्दल लिहिलंयस गं?' मी म्हटलं, कॉलेजच्या पोरांबद्दल. ते म्हणाले, 'मला वाटलं माझ्याबद्दल.'

हसत म्हणाले. पण आई हसली नाही. मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. पप्पा अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत, एका कारखान्यात स्टोअरला आहेत. दोन वर्षांपूर्वी पगार थकायला लागले. तेव्हापासून पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच. गुरुवारचं भजन बंद. मित्रांबरोबर संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायचे, ते बंद. पाठीचा एक्स-रे झाला, पोटाची सोनोग्राफी झाली, ताकदीची इंजेक्शनं झाली, सगळं नॉर्मल. 'काय नाही गं, वय झालं' असं पप्पा प्रत्येक वेळी म्हणाले. याच दोन वर्षांत मी पुण्यात गोळ्या घेत होते आणि त्यांना सांगत नव्हते. ते पहाटे अंगणात फेऱ्या मारत होते आणि मला सांगत नव्हते. फोनवर दोघंही 'जेवलीस का', 'जेवलात का' करत होतो.

त्या रात्री मी सांगितलं. सगळं, मेसच्या पैशांसकट. पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं, 'त्या गोळ्यांनी झोप लागते का?'

मी त्यांना गोव्यातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं, कारण मला तो फार आवडलाय. तिथे 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे लोकांवर हा प्रयोग केला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेलेही नव्हते. साधी माणसं, त्यांना प्रशिक्षण दिलेलं. सहा ते आठ भेटी. करायचं काय, तर मन लागण्याची वाट न बघता जी कामं आधी बरी वाटायची त्यातलं एकेक, अगदी छोटं करून, पुन्हा सुरू करायचं आणि अडलेल्या प्रश्नांवर एकत्र बसून वाट काढायची. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. ज्यांना या भेटी मिळाल्या नव्हत्या त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. पप्पांना लॅन्सेटचं काही वाटलं नाही. पण आधी मन, मग काम असं नसून उलटंही चालतं, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

भाऊबीज झाल्यावर आम्ही सिव्हिलला गेलो. पप्पांनी रांगेत उभं राहून मान खाली घातली होती, गावातलं कोणी भेटू नये म्हणून. भेटलंच. आमच्या गल्लीतले एक काका, त्याच ओपीडीच्या बाकावर, हातात केसपेपर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काका म्हणाले, 'तुम्ही पण?' पप्पा म्हणाले, 'हा, झोपेचं जरा.' काका म्हणाले, 'माझं पण झोपेचंच.' आणि बाकावर जरा सरकून त्यांनी जागा करून दिली.

हे सगळं लिहायला मी पप्पांची परवानगी घेतली. नाव घालायचं नाही, एवढंच म्हणाले, म्हणून माझंही घातलेलं नाही. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झालेत. साडेतीनची जाग आता कधी कधी पाचला येते. भजनाला अजून गेले नाहीत, पण परवा आईने फोनवर सांगितलं की पेटी माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवलीये. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे, आणि त्या दिवशी त्या काकांचीही आहे. दोघं एकाच गाडीने जाणार आहेत.